खात्यातून वजा

दर पहिल्या तारखेला सकाळी टेबलावरचा फोन किणकिणायचा आणि मशीनवाल्याच्या बायकोचा जीव भांड्यात पडायचा. आधी चष्म्याची शोधाशोध. मग ती संदेश मोठ्याने वाचायची, "आपल्या खात्यातून वजा." पुढे रक्कम. रक्कम म्हणजे तरी काय, दोन चहा आणि एक पाव, एवढीच.

"घेतले हो त्याने," ती म्हणायची. "म्हणजे बरा आहे."

शिलाई मशीन दुरुस्त करणारा तिचा नवरा मान खाली घालून चहा ढवळत राहायचा. साखर केव्हाच विरघळलेली असायची.

ते खातं मायलेकांचं होतं. पोरगा शाळेत असताना दोघांच्या नावाने उघडलेलं, त्यावर कार्ड एकच, आणि ते पोराच्या खिशात. बापलेकांचं दुकानातच वाजलं, तेही गिऱ्हाइकांसमोर. पोराला मशीनच्या तेलाचा वास नको होता आणि बापाला त्या वासापलीकडे जग असतं हे मान्य नव्हतं. शब्दाने शब्द वाढला आणि "पुन्हा या उंबऱ्यावर पाय ठेवू नकोस" हे बापाच्या तोंडून निघून गेलं. असलं काहीबाही घरोघरी बोललं जातं आणि रात्री सगळी एका ताटाशी बसतात. हा पोरगा मात्र बापाच्या वरताण हट्टी. त्याने ते खरं करून दाखवलं. फोनचा नंबरसुद्धा बदलला. सुरुवातीला खात्यातून अधूनमधून काही काढायचा, मग तेही बंद झालं.

त्यानंतर फोन वर्षभर गप्प होता. बायकोच्या घशाखाली घास उतरेना. ती इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला. चादरींच्या घड्या घालताना मध्येच थांबायची आणि न निघालेले डाग निरखत उभी राहायची. सोबतच्या बायका तिच्या हातातली चादर हळूच काढून घ्यायच्या.

आणि मग एका पहिल्या तारखेला फोन वाजला. खात्यातून वजा. त्या दिवशी ती पोटभर जेवली. मशीनवाल्याच्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगा. दुकानात गेला तोच मुळी शीळ घालत. दुपारी त्याच्या फोनवर त्याच्या दुकानाच्या खात्याचा संदेश आला. तेच शब्द, तीच रक्कम, सुट्या पैशांसकट. तो तडक बँकेत गेला. दारावर फलक लावला होता: बिनखर्चाची खाती बंद, यापुढे दरमहा देखभाल आकार.

तो घरी आला तो सांगायचंच असं ठरवून. पाहतो तर बायको पोराच्या खाटेवरची चादर बदलत होती आणि गुणगुणत होती. वर्षभरात तिचा तो आवाज त्याने ऐकला नव्हता. उद्या सांगू, असं त्याने मनाशी म्हटलं आणि तो मूग गिळून बसला. तो उद्या काही उजाडला नाही. तीन वर्षं निघून गेली.

तीन वर्षांत बायकोने त्या रकमेचं सगळं गणित बसवून टाकलं होतं. बँकेच्या पैसे काढायच्या मशीनमधून सुटे पैसे निघत नाहीत, म्हणजे तो दुकानात कार्ड देऊन काहीतरी घेतो. एवढंसंच का घेतो? लाजतो. बापावर गेलाय, मागणं जमतच नाही. पगारातला एक हिस्सा ती न चुकता त्या खात्यात टाकायची, पोराला कधी खातं रिकामं दिसू नये म्हणून. थंडी पडली की म्हणायची, या महिन्यात तरी जास्त काढ रे बाबा, एखादा स्वेटर घे.

मशीनवाल्याला त्या घरात धास्ती वाटू लागली होती. बायको फोनशी बोलायची ते एक वेळ ठीक. पण पहिल्या तारखेच्या आदल्या रात्री त्याचाही डोळा लागत नसे. सकाळी फोन किणकिणला की सगळं ठाऊक असूनही त्याच्या मनात चमकून जायचं, आलं पोरगं. पैसे कापणारं कुठलंसं यंत्र त्यांच्या घरात मुलगा होऊन राहत होतं. आणि खरा मुलगा? त्याच्याबद्दल विचार करायचं मशीनवाल्याने सोडून दिलं होतं. मेलेल्याबद्दल करत नाहीत तसंच.

असं चाललेलं असताना बँकेने दारावर रंगीत फुगे टांगले. खूशखबर! रोजचे बँक-व्यवहार पुन्हा मोफत! देखभाल आकार पुढच्या महिन्यापासून रद्द! रांगेतली माणसं खूश झाली, एकाने तर टाळ्या वाजवल्या. मशीनवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"साहेब, एक विनंती होती," तो खिडकीपाशी जाऊन म्हणाला. "एका खात्याचा आकार तेवढा चालू ठेवा."

कारकुनाने वर पाहिलं. "काका, लोक इथे आकार माफ करा म्हणून भांडायला येतात."

"मी भांडत नाही. हात जोडतो. कापत राहा."

"कोणाचं खातं?"

"बायकोचं. आणि मुलाचं."

"मग तुमचा काय संबंध? तुमचं नावच नाही त्यावर."

"म्हणून तर तुमच्याकडे आलो. नाव असतं तर दर महिन्याला तेवढे मीच काढले नसते का?"

कारकून हसला, मग त्याचा चेहरा पाहून हसायचा थांबला. "काका, फुकट म्हणजे फुकट. आमच्या हातात काही नसतं. त्या नव्या फोनवरच्या बँका फुकट खाती वाटतायत, म्हणून आमच्या वरच्यांना ही उपरती. गिऱ्हाइकं परत आली की पुन्हा लावतील बघा आकार."

"कधी?" मशीनवाल्याने इतक्या आशेने विचारलं, की कारकुनाने मान खाली घालून मागच्या माणसाचं पासबुक ओढून घेतलं.

पहिली तारीख आली. फोन गप्प. बायको तो मांडीवर घेऊन बसून राहिली. "विसरला असेल," ती संध्याकाळी म्हणाली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "कामात असेल." त्यानंतर तिने काही म्हणायचंच सोडलं, आणि जेवायचंही. आठवडा असाच गेला. शनिवारी मशीनवाल्याने दुकान लवकर बंद केलं. आता बस्स. वाटेत तो पुटपुटत वाक्यं जुळवत होता. मी तुला फसवलं. नाही, असं नको. तुला बरं वाटावं म्हणून गप्प बसलो. हेही खोटंच, स्वतःलाही बरं वाटत होतं. शेवटी घराची पायरी आली तरी एक वाक्य धड जुळलं नाही.

दार उघडं होतं. बायको टेबलाशी ताठ बसली होती, गाल लाल झाले होते.

"बरं झालं आलात," ती म्हणाली. "पोराचं कार्ड चोरीला गेलंय."

"काय?"

"दुपारी संदेश आला. मशीनमधून काढलेत. केवढे ते बघा! जवळजवळ निम्मं खातं! मी लगेच बँकेच्या नंबरवर फोन केला आणि कार्ड बंद करून टाकलं. आपला एवढे कधी घेतो का? माझं लेकरू दोन चहाच्या वर जात नाही."

मशीनवाला खुर्चीवर बसला. त्याने फोन घेतला. चार वर्षांतली ही पहिली खरी रक्कम होती, गोल, मशीनमधून निघते तशी. पोरगा जिवंत होता. कुठेतरी उभा होता, अडचणीत होता, आणि त्याने हात पुढे केला होता.

फोन त्याच्या हातातच किणकिणला. कार्ड बंद आहे. व्यवहार नाकारला.

"बघा बघा, मेल्याची हाव!" बायको म्हणाली. "आणखी काढायला आलाय."

पुन्हा किणकिणला. व्यवहार नाकारला.

"अगं," मशीनवाला म्हणाला. "मशीनला पिन लागतो. तो कोणाकोणाला ठाऊक आहे?"

"मला. आणि त्याला." ती थांबली. "पण तो तर दर महिन्याला..."

"ती बँक होती."

"कोण बँक?"

"दर महिन्याला कापायची ती बँक. खातं ठेवण्याचा आकार. माझ्याही खात्यातून जायचा. आता त्यांनी तो बंद केला. आपल्या पोराने चार वर्षांत एक पैसा काढला नव्हता, आज काढला. मला पहिल्या महिन्यापासून ठाऊक होतं गं."

ती ओरडेल, वस्तू फेकेल, असं त्याला वाटलं. तिने तसं काही केलं नाही. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या हातातून फोन काढून घेतला आणि तो पुन्हा वाजेल म्हणून छातीशी धरला. खूप वेळ धरला. फोन वाजला नाही.

मग तिने बँकेचा नंबर लावला. पलीकडून एका मुलीचा गोड, घोकलेला आवाज खोलीभर ऐकू येत होता. बंद केलेलं कार्ड पुन्हा चालू करता येत नाही, मॅडम. नवीन कार्ड मिळेल. दहा दिवसांत नोंदवलेल्या पत्त्यावर येईल.

"कुठल्या पत्त्यावर?"

मुलीने पत्ता वाचून दाखवला. याच घराचा होता.

"पाठवू का, मॅडम? नवीन कार्डाला मात्र आकार लागेल."

"कापा," ती म्हणाली. "हवा तेवढा कापा. फक्त त्याच्या नावाने पाठवा."