गप्पूला उठवा

नवी इंटर्न दारात उभी राहिली तेव्हाच मोठ्या ताईच्या कपाळाला आठ्या पडल्या. पाठीवर भलीमोठी पिशवी, तोंडभर हसू, आणि मुलांना उचलायला हात आधीच पसरलेले. हे पाळणाघर शिवणकारखान्यातल्या बायकांच्या मुलांचं, आणि मोठी ताई तिथली प्रमुख. अशा परदेशी विद्यार्थिनी तिनं ढिगानं पाहिल्या होत्या. यायच्या, मुलांना जीव लावायच्या आणि चालत्या व्हायच्या.

"उचलायचं नाही," ताईनं बजावलं. "फरशी पुसायची, दुपटी धुवायची, भांडी घासायची."

"मी मुलांबरोबर काम करायला आले," मुलगी अडखळत म्हणाली. भाषा ती येण्याआधी थोडीफार शिकली होती. "माझा बालविकासाचा अभ्यास आहे."

"मुलं काय तुझं पुस्तक आहेत? फडकं तिकडे आहे."

मुलगी धुसफुसत फरशी पुसायला लागली आणि संध्याकाळी थेट पाळणाघर चालवणाऱ्या संस्थेच्या मॅडमकडे तक्रार घेऊन गेली. मॅडमनी ताईला बोलावून झापलं. "त्यांना अनुभव मिळतो, आपल्याला फुकट माणूस मिळतं, वर त्यांचं विद्यापीठ देणगी देतं. दोघांचाही फायदा आहे, ताई. यात तुमचं काय जातं?"

ताईचं काही जात नव्हतं. गप्पूचं गेलं होतं. एवढासा पोरगा, पण अखंड गप्पा हाणायचा म्हणून सगळे त्याला गप्पू म्हणत. मागची इंटर्न त्याला दिवसभर कडेवर मिरवायची. तिचा मुक्काम संपला तेव्हा मॅडमच्या शिरस्त्याप्रमाणे ती दुपारी, मुलं झोपलेली असताना निघून गेली. उगीच रडारड नको, म्हणे! जाताना त्याच्या उशाशी आपली टोपी ठेवून गेली, मोठी दयाळू. गप्पूनं उठून तिला प्रत्येक खोलीत शोधलं, मग टोपी पाण्याच्या पिंपात बुडवली आणि तोंडाला कुलूप लावलं. दुपारची झोपही सोडली. सगळी मुलं आडवी झाली की हा भिंतीला टेकून टक्क जागा, नजर दारावर. झोपलं की माणसं नाहीशी होतात, एवढं त्याला पक्कं कळलं होतं.

खोटं कशाला बोला, नवी मुलगी कामाला वाईट नव्हती. कुरकुर करायची, पण फरशी लख्ख ठेवायची. ताईशी तिचं शेवटपर्यंत पटलं नाही. दोघी कामापुरतं आणि तेही तोडून बोलत. दुपारी मात्र ती त्या भिंतीपाशी दुपट्यांच्या घड्या घालत बसायची, गप्पूकडे न बघता. एक दिवस गप्पूनं तिच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं आणि तो झोपला. मग रोजच. ताईला बरं वाटलं आणि त्याहून जास्त राग आला, कारण पुढचं तिला दिसत होतं.

मुलीच्या शेवटच्या दिवशी गाडी ऐन दुपारी दाराशी लागली. निरोप द्यायला मॅडम जातीनं हजर. गप्पू टोक धरून झोपलेला. मुलगी त्याची बोटं हळूच सोडवू लागली.

"हात लावू नकोस," ताई म्हणाली. "उठव त्याला. जातेय म्हणून सांग."

"तो रडेल."

"रडू दे."

"मला नाही जमणार. मी त्याच्यासाठी माझं जाकीट ठेवते."

ताई दारात आडवी झाली. "टोपी झाली, आता जाकीट! अनुभव हवा होता ना तुला? मग हा घे."

मॅडमचा पारा चढला. "ताई, तमाशा नकोय मला. दारातून बाजूला व्हा, नाहीतर मी दुसरी बाई बघते."

"बघा," ताई म्हणाली आणि दारात पाय रोवून उभी राहिली.

मुलीनं ताईकडे खाऊ की गिळू असं पाहिलं. मग तिनं गप्पूला हलवून उठवलं. "मी जाते. माझ्या घरी. परत नाही येणार."

गप्पूनं डोळे चोळत ऐकून घेतलं. तो उठला, दाराशी काढलेला तिचा बूट उचलला आणि तिच्या अंगावर भिरकावला.

"जा!" तो ओरडला. इतक्या महिन्यांनी फुटलेला आवाज घोगरा होता. "जा! जा!"

मग त्यानं भोकाड पसरलं आणि बाकीची मुलंही उठून त्याला सामील झाली. मुलीनं रडत रडत बूट चढवले. "तुम्ही फार दुष्ट आहात," ती ताईला म्हणाली. ताईनं वाट दिली. गप्पू हुंदके देत दारापर्यंत गेला आणि गाडी वळेपर्यंत बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ऑफिसातून निरोप आला. ताईनं महिनाअखेरपर्यंत काम करायचं, नंतर यायची गरज नाही.

दुपारी गप्पूनं आपली चटई आपणच ओढत आणली, ताईच्या पायाशी पसरली आणि तिचं बोट धरून आडवा झाला.

"ताई, तू जाशील तेव्हा मला उठवशील?"

"झोप आधी," ताई खेकसली.

पण तो डोळे मिटेना. आता झोपू द्यावं, पुढचं पुढे बघू, असं ताईला फार वाटलं. कालच्या मुलीलाही नेमकं असंच वाटलं असणार.

"ऊठ, बस," ती म्हणाली. "तुला एक सांगायचंय."