उबेत सुकलेला पार्का

मित्रांनो, मी जाडजूड आहे हे मला माहीत आहे. पण म्हणून मला पोतं म्हणायचं काम नाही. मी एक जुना पार्का आहे, म्हणजे थंडीचा अंगरखा, टोपीसकट शिवलेला, पाणउंदरांच्या मऊ कातड्यांचा. एके काळी पार उत्तरेला, गोठत्या समुद्राकाठी असलेल्या अख्ख्या टुक गावात माझ्या तोडीचा दुसरा नव्हता. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, थोडीशी बढाई आहे.

मला उकपिकने शिवलं. कातडी तिची स्वतःची होती. वसंतात नवऱ्याबरोबर, इलायजाबरोबर, नदीच्या मुखाकडे तळ टाकून तिने ती जनावरं धरली होती. मग ती कातडी खरवडली, वाळवली आणि कणकेसारखी मळून मऊ केली. मापाची फीत तिच्या घरात नव्हतीच. माणूस दारातून आत येईपर्यंत तिच्या डोळ्यांनी त्याचं माप घेतलेलं असे. आधी तिने इलायजासाठी शिवला, मग शेजारपाजाऱ्यांसाठी, आणि सगळ्यांचं झाल्यावर स्वतःसाठी मला. माझ्या टोपीला तिने बाहेरून लांडग्याच्या लांब केसांची झालर लावली. आतून, जिथे श्वास लागतो तिथे, वुल्व्हरीन नावाच्या केसाळ जनावराची फर लावली. त्या फरवर श्वासाचं हिव गोठलं तरी हाताने झटकलं की पडतं. खाली घेराला रंगीत फितींचा काठ होता, बारीक बारीक शंकरपाळे कापून बसवलेला. तो काठ मनासारखा होईना म्हणून तिने कितीदा उसवला असेल! शेवटी जमला तेव्हा तिने मला भिंतीला टांगलं आणि समोर बसून निवांत चहा प्यायली.

उणे चाळीसच्या थंडीत नटणं सोपं नसतं. माणूस आत कितीही देखणा असो, बाहेरून सगळे सारखेच गोल. नाकाचा शेंडा तेवढा उघडा, तोही लाल. आमच्याकडे बायका ओळखायच्या त्या काठावरून, झालरीवरून आणि चालीवरून. उकपिक बुटकी होती, पण चालायची अशी ऐटीत, की माझा घेर डावीउजवीकडे झुलायचा. रविवारी प्रार्थना संपली तरी ती लगेच घरी जात नसे. चर्चच्या पायरीवर उभी राहून हातमोजे घालत बसे, सगळ्यांचं बघून होईपर्यंत. काही काम नसताना ती दुकानात जायची. तिथे तिची मैत्रीण पर्सिस भेटायचीच.

"काय गं, चहा कालच नेलास ना?" पर्सिस विचारायची.

"संपला."

"एका दिवसात? आंघोळ केलीस का चहाने?"

"जळतेस तू."

"जळू नको तर काय करू! असला काठ मला या जन्मात जमायचा नाही," असं म्हणून पर्सिस माझा घेर हातात घ्यायची आणि टाके निरखायची. माझी छाती, म्हणजे उकपिकचीच, अभिमानाने फुगायची.

सभागृहात ढोल वाजू लागले की आम्ही दोघं नाचायला. घरी परतलं की ती मला झटकून ओसरीत टांगायची. ओसरी म्हणजे बाहेरचं दार आणि घराचं दार यांमधली गारठलेली जागा. कातड्याच्या कपड्याचं घर तेच. आत शेगडीची ऊब माणसांसाठी. ही गोष्ट टुकमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत असते.

एका उन्हाळ्यात उकपिक आजारी पडली. विमानाने तिला मोठ्या इस्पितळात नेलं. उन्हाळा असल्यामुळे मला न्यायचा प्रश्नच नव्हता. मी ओसरीत वाट बघत राहिलो. बर्फ पडायला लागलं तरी ती आली नाही. मग एके दिवशी तिची मुलगी रोडा ओसरीत आली. तिने माझ्या टोपीत तोंड खुपसलं आणि खूप रडली. माझ्यात अजून उकपिकचा वास होता, धुराचा आणि केसांच्या तेलाचा. तेव्हा मला समजलं, की आता ती यायची नाही.

रोडाने मला काढून आत नेलं आणि आपल्या खोलीत, गरम हवेच्या नळीशेजारी टांगलं.

पर्सिसने ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "कातडं घरात? अगं, वेड लागलं का तुला?"

"असू दे गं मावशी. थोडे दिवस."

"सुकून जाईल ते!"

"बाहेर एवढी थंडी आहे," रोडा हळूच म्हणाली. "आईला कशी टांगू तिथे?"

चूक होती हे रोडालाही कळत होतं.

थोड्या दिवसांची वर्षं झाली. मित्रांनो, उबेत राहणं म्हणजे सुख असं तुम्हाला वाटत असेल. मला विचारा! बाहेर बर्फावर पावलं करकरायची आणि माझा जीव नुसता तळमळायचा. ढोलाचा आवाज भिंतीतून यायचा. वारा खिडकीला धडका द्यायचा, आणि मला वाटायचं, एकदा, फक्त एकदा त्याने माझी झालर विस्कटावी. रोडा मला रोज कुरवाळायची. पण स्वतः बाहेर जाताना दुकानातलं निळं जाकीट घालायची. माझं कातडं आतून कोरडं पडत होतं. आणि ज्या वासासाठी तिने मला आत आणलं, तो वासही केव्हाच उडून गेला होता.

मग रोडाला मुलगी झाली. तिला आजीचं नाव दिलं, उकपिक. आमच्यात नाव दिलं की माणूस परत आलं असं धरतात. त्यामुळे रोडा पाळण्यातल्या पोरीला म्हणायची, "आई, रडू नकोस गं, दूध आणते." म्हातारा इलायजा तिला बायको म्हणायचा. पोर बोलायला लागल्यावर तर मजाच होती.

"बायको, आज जेवायला काय?"

"आधी दात घाल. मग विचार."

"बघा! पूर्वीही अशीच होती!" म्हातारा खूश होऊन सांगायचा.

पोरगी वाढली, आजीच्या उंचीला आली. वसंताचा मेळा जवळ आला होता. त्या दिवशी गोठलेल्या बंदरावर सगळा गाव जमतो आणि बायका आपापले पार्के मिरवतात. मेळ्याच्या सकाळी पोरगी खोलीत आली आणि माझ्यापुढे उभी राहिली.

"रोडा," ती म्हणाली, "मी तुझी आई ना?"

"हो गं आई."

"मग आईचा पार्का आईला दे."

रोडाने माझी बाही घट्ट धरून ठेवली. पण आईला नाही कसं म्हणणार? तिने मला खाली काढलं. पोरगी माझ्यात शिरली आणि, काय सांगू, बरोब्बर बसली! ती धावतच अंगणात गेली. ऊन बर्फावर लखलखत होतं. समोरून पर्सिस येत होती, काठी टेकत. पोरीने तिला हाक मारली आणि हात उंचावला.

कोरडा पाला चुरगळावा तसा आवाज झाला. माझा खांदा फाटला, पार पाठीपर्यंत.

पर्सिसने भेगेत बोट घालून पाहिलं. "मेलंय कातडं," ती म्हणाली. "टाकाच धरणार नाही आता."

मागोमाग बाहेर आलेली रोडा बर्फात बसली. "मीच मारलं," ती म्हणाली. "मला माहीत होतं. तरी बाहेर टांगायला मन धजेना. तुला थंडी वाजेल असं वाटायचं गं."

पोरगी तिच्याजवळ गेली. माझ्या लोंबत्या बाहीने तिने आईचे डोळे पुसले.

"वेडे," ती म्हणाली, "मला थंडी वाजतच नव्हती. उकडत होतं मला तिथे."

रोडाने तिला मिठी मारली. इतकी वर्षं ती माझ्या टोपीत तोंड लपवून रडत होती. त्या दिवशी पहिल्यांदा माणसाच्या गळ्यात पडून रडली. फाटक्या खांद्यातून वारा आत शिरला. दुखलं, पण फार बरं वाटलं.

आता मी ओसरीत आहे, गारठ्यात. उद्या रोडा माझी झालर आणि काठ उसवणार आहे. आत ती आणि पोरगी मिळून नवी कातडी मळताहेत, त्यांचं हसणं इथवर येतं. झालर नव्या पार्क्यावर जाईल. बाकीचा मी आता कुणाच्या उपयोगाचा नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाचं तरी लुगडं, कुणाचा तरी कोट घडी घालून ठेवलेला असेल. तो काढा आणि अंगावर घाला. फाटेल म्हणून भिऊ नका. उकपिकच्या आणि तिच्या नातीच्या अंगावर झिजून झिजून फाटलो असतो, तर मी तुमच्यापुढे अवाक्षरही काढलं नसतं. मी खुंटीवर सुकून फाटलो, मित्रांनो.