खाणीला सुट्टी

भूकंपमापन केंद्रात धाकटीचं काम तसं सरळ होतं: पडद्यावरची रेघ थरथरली की कारण लिहायचं. दुपारी थरथरली तर कारण ठरलेलं, 'सुरुंग'. तिच्या गावाजवळच्या दगडखाणीत दुपारी सुरुंग उडायचे. शिवाय नकाशावर तो सगळा भाग हिरवा, म्हणजे स्थिर. खंडाच्या पोटातला जुना, थंड, टणक खडक. तिथे भूकंप कशाला तडफडायला येतोय!

मोठी बहीण आईला घेऊन खाणीपलीकडेच, जाड दगडी भिंतींच्या घरात राहायची. मध्यंतरी तिने फोन केला होता, "अगं, फडताळातली भांडी आपोआप वाजतात." धाकटी हसली होती. "ताई, सुरुंग ते. भुतं नाहीत." ताईने पुन्हा तो विषय काढला नाही.

आज दुपारी रेघ पुन्हापुन्हा थरथरली. धाकटीने सवयीने 'सुरुंग' लिहिलं आणि लगेच खोडलं. आज खाणीला साप्ताहिक सुट्टी होती.

तिने नोंदी परत उघडल्या. सुरुंग चहूकडे ढकलतो. इथे एका केंद्राखालची जमीन ढकलली गेली होती, दुसऱ्याखालची ओढली गेली होती. म्हणजे खोल कुठेतरी खडक चिरेवर सरकत होता. खंडाच्या कडा सतत कुरकुरतात, म्हणून तिथली माणसं सावध असतात. मधली चीर हजारो वर्षं मूग गिळून ताण साठवते, आणि फाटते तेव्हा ती तिथे आहे हे कुणाच्या खापरपणजोबालाही ठाऊक नसतं.

"एवढ्यावर गाव रिकामं करायचं?" साहेब म्हणाले. "पुढे कदाचित काहीच होणार नाही." हे खोटं नव्हतं. त्यामुळेच तिला जास्त धास्ती वाटली.

तिने ताईला फोन लावला. घरात आवाज तुटायचा, म्हणून ताई नेहमीसारखी फाटकाशी आली.

"ताई, आईला घेऊन बाहेरच थांब. भूकंप होऊ शकतो."

"तूच म्हणालीस ना सुरुंग म्हणून? आईचे गुडघे धरलेत आज. ठेवते."

ताई समजावून ऐकणाऱ्यातली नव्हतीच. पण भांडण अर्धवट सोडणाऱ्यातलीही नव्हती.

"आणि ते शिवणयंत्र माझं आहे," धाकटी म्हणाली. "आईने मला कबूल केलं होतं. तू ढापलंस."

"ढापलं? मी? थांब, आईलाच आणते बाहेर. होऊनच जाऊ दे सोक्षमोक्ष!"

खुर्ची फरफटली. आई कुरकुरत आली, बसली. धाकटी भांडत राहिली. जुनी उणीदुणी काढली, नव्हती तीही काढली. डोळे रेघेवर.

"जरा थांब, दूध उतू जातंय."

"जाऊ दे उतू! ताई, पाया पडते तुझ्या, आत जाऊ नकोस!"

ताई जागीच थांबली. दूध उतू जाऊ दे, असं त्या घरात आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

"रडतेस का गं?" तिने हळूच विचारलं.

तेवढ्यात रेघ पडद्याबाहेर गेली. फोनमधून घरघर आली, मग दगड कोसळल्याचा आवाज, ताईची किंकाळी. नंतर काहीच नाही. धाकटी हाका मारत राहिली.

शेवटी कुणीतरी खोकलं. फोन आईच्या हातात होता.

"आहोत गं आम्ही. घर गेलं. तुमचं यंत्रही गेलं." आईने धाप टाकली. "ही सामान काढायला आत जायचं म्हणतेय. तू भांड तिच्याशी."