माइस्टर ब्रेमरची परवानगी

डायरेक्टर साहेबांनी काचेच्या केबिनच्या दारावर टकटक केली आणि चक्क बाहेर उभे राहिले. आत माइस्टर ब्रेमर, म्हणजे वर्कशॉपचे फोरमन, फोनवर बोलत होते. त्यांनी हातानेच खूण केली, थांबा जरा. आणि साहेब थांबले! अख्खा कारखाना ज्याच्या हाताखाली, तो गृहस्थ फोरमनच्या दाराशी हात मागे बांधून उभा. दिनकर तोंडात बोट घालून बघत राहिला.

हा घोळ त्यानेच घातला होता. जर्मनीत, बाड हॉम्बुर्गजवळच्या या पंपांच्या कारखान्यात तो १९५९ साली सांगलीहून शिकायला आला, त्याला आता दोन वर्षं होत आली होती. येत्या गुरुवारी त्याची बायको उल्का विमानाने फ्रँकफुर्टला उतरणार होती, तीही एकटी. पुण्यापलीकडे कधी न गेलेली बाई! आणि नेमकी गुरुवारीच मोठ्या पंपाची चाचणी होती, गिऱ्हाइकांसमोर. चाचणीच्या वेळी व्हॉल्व्ह फिरवायचं काम दिनकरचं. दिनकरच्या वडिलांनी कचेरीत जन्म काढलेला. त्यांचा शिरस्ता एकच, थेट वरच्या साहेबाला गाठायचं, मग खालचे मुकाट मान डोलावतात. दिनकर तडक वरच्या मजल्यावर जाऊन थडकला. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"रजा देणं माझ्या हातात नाही," ते म्हणाले. "विचारून बघतो."

आता फोन संपला. साहेब आत गेले. दार उघडंच होतं.

"माइस्टर ब्रेमर, गुरुवारी याला सोडता येईल?"

"नाही. चाचणीला दुसरा माणूस नाही."

"बरं, ठीक आहे."

साहेब मान लववून जिना चढून गेले. ना आवाज चढला, ना कपाळाला आठी पडली. दिनकरला वाटलं, आपण काहीतरी अचाट बघितलं. इथे एकदा माणूस नेमला की ते काम त्याचंच, त्यात वरचा साहेबसुद्धा पाहुणा! पण पुढच्याच क्षणी विमानतळावर ट्रंकेपाशी रडकुंडीला आलेली उल्का डोळ्यांसमोर आली आणि तो केबिनच्या दारातच घुटमळला.

"माझ्याकडे का नाही आलास?" ब्रेमरनी विचारलं.

त्याला खोटं बोलवेना. "मला वाटलं, तुमच्या हातात काय असणार."

ब्रेमरना लागलं होतं, आणि ते दिसत होतं. दिनकरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग आता विचार," ते म्हणाले.

"माझी बायको एकटी येतेय. तिला जर्मन येत नाही, इंग्रजीही नाही. गुरुवारी मला जाऊ द्याल?"

"जा. तुझ्या जागी मी उभा राहीन."

"पण साहेबांना कळवायला..."

"कशाला? त्यांनी विचारलं तेव्हा माणूस नव्हता. आता आहे."

गुरुवारी विमानतळावर गर्दीतून उल्का धावत आली आणि तिने त्याची बाहीच पकडली.

"अहो, रजा मिळाली ना? मला धाकधूक होती. अगदी मोठ्या साहेबांनाच भेटावं लागलं असेल!"

"हो," दिनकर म्हणाला, "मोठ्या साहेबांनीच दिली. ब्रेमर त्यांचं नाव."

ट्रंक उचलताना त्याने घड्याळ पाहिलं. चाचणी सुरू व्हायची वेळ झाली होती. पन्नाशी उलटलेले ब्रेमर रबरी एप्रन बांधून ओल्या फरशीवर उभे असतील, व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवून. आणि गिऱ्हाइकांना घेऊन आलेले डायरेक्टर दोन पावलं मागे थांबले असतील, ब्रेमर मान हलवतील तेव्हाच पुढे यायला.