अलमेलूचे लाकडी पाय

मित्रांनो, मी घोडा आहे. फक्त मला पाय नाहीत. पोटही नाही. पोटाच्या जागी मोठं भोक आहे आणि त्यात माणूस उभा राहतो. हसू नका. पोट असलेले पुष्कळ घोडे मी पाहिले आहेत. ते सगळे टांग्याला जुंपलेले होते.

माझा जन्म कुंभकोणमजवळच्या इन्नंबूरचा. एका म्हाताऱ्या कारागिराने बांबूच्या कामट्या वाकवून मला बांधलं, वर खळीने कागद चिकटवले, आरशाचे तुकडे लावले आणि शेवटी दात रंगवले. दात त्याने तरुण घोड्याचे काढले. त्यामुळे माझं वय कधी वाढलं नाही, फक्त कागद सुटत गेला.

आमच्या नाचाला इकडे ‘पोय्क्काल कुदिरै’ म्हणतात, म्हणजे खोट्या पायांचा घोडा. नाचणारा माणूस पायांना लाकडी पाय बांधतो, मला पट्ट्यांनी खांद्यावर अडकवतो, आणि माझी झालर जमिनीला टेकली की लोकांना दिसतो तो थेट घोडा आणि वर स्वार. एक घोडा राजाचा, एक राणीचा. मी राणीचा. राजा व्यंकोजी आणि राणी त्यांची बायको अलमेलू. घरात मराठी बोलणारं, दाराबाहेर तमिळ बोलणारं जोडपं. नाचाच्या शेवटी सलामी असे. दोन्ही घोडे समोरासमोर येऊन कपाळाला कपाळ लावत, आणि लोक ओरडून गाव डोक्यावर घेत. तिरुप्पनंदाळला एका म्हातारीने माझ्यापुढे गवताची पेंढी ठेवली होती. मी तोंड लावलं नाही, म्हणून ती मला मानी समजली. मी तिचा गैरसमज दूर केला नाही.

मग अलमेलू तापाने गेली.

व्यंकोजींनी मला मागच्या खोलीत आढ्याला टांगलं. तिचे लाकडी पाय तिच्याच लुगड्यात गुंडाळून माझ्याखाली ठेवले. आणि मित्रांनो, तेव्हापासून दिवेलागणीला माझ्या रिकाम्या पोटात कोणीतरी येऊन उभं राहू लागलं. पट्ट्या ताणल्या जात. खाली गुंडाळलेल्या पायांतली घुंगरं हलकेच वाजत. घोड्याने स्वाराला भिऊ नये, असं म्हणतात. स्वार दिसत नसेल तर काय करावं, ते कोणी सांगून ठेवलेलं नाही.

हे दुसऱ्या कोणाला कळलं असेल तर ते गोदाला. अलमेलूची ही एकुलती एक मुलगी. ती संध्याकाळी येई, माझ्या कपाळाला कपाळ लावी आणि घुंगरं थांबेपर्यंत तशीच उभी राही.

आमच्या मेळ्यात एक रीत होती. राणी गेली आणि नवी राणी उभी राहिली नाही, तर तिचा घोडा कावेरीत सोडायचा. शेजारच्या वेंकटलक्ष्मीमामी दर अमावास्येला आठवण करून द्यायला येत.

“व्यंकोजीअण्णा, राणी नाही आणि घोडं घरात! बरं नव्हे हें.”

“सोडतों, मामी.”

“गेल्या अमावास्येलाही सोडतों म्हणालांत.”

“तेव्हां पाणी कमी होतें.”

पाणी दोन वर्षं कमीच राहिलं.

१९५५ साली जत्रेच्या समितीने ‘अश्वराणी’ निवडायचं ठरवलं. खरे घोडे आणायचा विचार होता. पण ते समितीचं ऐकतील की नाही, अशी शंका निघाली आणि कागदी घोड्यांना बोलावणं आलं. कागदावर समितीचा विश्वास होता. पोशाख, सभेला नमस्कार आणि घोडेस्वारी, अशी तीन अंगांची परीक्षा होती.

“मी उभी राहतें, अप्पा,” गोदा म्हणाली.

व्यंकोजींनी वर आढ्याकडे, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “राणी ठरलीस तर घोडं राहील. नाहीं तर ह्या तै महिन्याच्या अमावास्येला सोडायचें. मामीला मीं शब्द दिला.”

तालीम सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी घोटाळा कळला. गोदा आईपेक्षा उंच निघाली होती. आईचे पाय बांधून ती उभी राहिली की मी अधांतरी लटके, झालरीखालून लाकूड दिसे, आणि सलामीला माझं कपाळ राजाच्या घोड्याच्या डोक्यावरून पलीकडे जाई. अशा वेळी राजाने स्वतःच्या हाताने नव्या राणीच्या मापाचे पाय कापून द्यायचे असतात. तविल नावाचा ढोल वाजवणाऱ्या मणीने करवत आणूनसुद्धा ठेवली.

व्यंकोजींनी करवतीकडे पाठ फिरवली. “अलमेलूच्या पायांना हत्यार लागणार नाहीं. गोदे, गुडघे वाकव.”

“अप्पा, मांड्या भरून येतात.”

“अम्मा इतकी उंच नव्हती.”

“मग अम्मेलाच सांगा, थोडी उंच हो म्हणून!”

मणीला हसू आलं. त्याने तविलावर दोन थापा मारून ते झाकलं. व्यंकोजी हसले नाहीत.

गोदा रोज वाकून नाचली. माझ्या पोटात आता दोघी होत्या, एक वाकलेली आणि एक मेलेली. जागा एकीपुरतीच होती. पट्ट्या गोदाच्या खांद्यात रुतत, वळणाला तिचा पाय एकीकडे जाई आणि दुसरा कोणाचा तरी पाय दुसरीकडे ओढी. व्यंकोजी समोरून पाहत आणि खुशीत येऊन म्हणत, “बरोबर, अलमेलू, बरोबर!” आपण काय बोललो ते त्यांना ऐकूही येत नसे. गोदाला ऐकू येई.

जत्रेच्या दिवशी परीक्षक होते घोडदळ पोलिसांतून निवृत्त झालेले सुंदरेश. त्यांनी सवयीने माझे दात तपासले आणि जनावर तरुण आहे, असा निर्वाळा दिला. गोदाचा पोशाख झाला, नमस्कार झाला. मग तविल घुमलं. गोदा वाकून इतकी हुबेहूब नाचली, की पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बायका कुजबुजल्या, “अलमेलूच आली गे!” मामींनी डोळे मिटून घेतले.

सलामी आली. व्यंकोजींचा घोडा पुढे सरकला. त्यांच्या तोंडून स्पष्ट निघालं, “ये, अलमेलू.”

गोदाचे गुडघे सरळ झाले.

मी वर उचलला गेलो. झालर उडाली, लाकडी पाय उघडे पडले, पोरं ओरडली, “खोटे पाय! खोटे पाय!” आणि माझं कपाळ राजाच्या घोड्याच्या कपाळाला लागलंच नाही. गोदा मान ताठ ठेवून म्हणाली, “अप्पा, मी गोदा.”

तंजावरची विजयलक्ष्मी अश्वराणी झाली. सुंदरेश म्हणाले, “मुलगी चांगली, पण घोड्याचं माप चुकलं.” घोड्यांविषयी तेवढी एक खरी गोष्ट त्यांनी त्या दिवशी सांगितली.

अमावास्येच्या सकाळी व्यंकोजींनी मला खांद्यावर घेऊन कावेरीच्या घाटावर नेलं. मागे गोदा, तिच्या मागे मामी. व्यंकोजी पाण्यात गुडघाभर उतरले आणि उभे राहिले. पुष्कळ वेळ. मग त्यांनी मला पायरीवर ठेवलं, लुगडं सोडलं आणि अलमेलूचे लाकडी पाय पाण्यावर ठेवले.

“रीत घोडं सोडायची होती,” मामी म्हणाल्या.

“राणीला सोडलें, मामी. घोडं नव्या राणीचें आहे.”

पाय बुडाले नाहीत. प्रवाहात आधी उजवा पुढे गेला, मग डावा, मग पुन्हा उजवा. कोणीतरी सावकाश चालत जावं तसे ते वळणापर्यंत गेले. मामींनी हात जोडले. माझ्या पोटातलं ओझं उतरलं. मी कागदाचा आहे, हलकेपणाची मला सवय असायला हवी होती. पण तो हलकेपणा मला सोसवला नाही.

घरी आल्यावर व्यंकोजी ओला हात धोतराला पुसून म्हणाले, “उभी राहा, गोदे. ताठ.” आणि दोरी घेऊन त्यांनी तिचं माप घेतलं.

मित्रांनो, जुनी वस्तू जपा. पुसा, डागडुजी करा, वाळवी लागू देऊ नका. माझ्या कानाला लागली आहे, जमलं तर तेही पाहा. पण ती वस्तू कोणाच्या अंगावर चढवण्याआधी त्या माणसाला एकदा ताठ उभं राहू द्या.