तटावरची राख

किल्ल्याचा तट दुरुस्त झाला, पहिला पावसाळा सरला आणि भिंतीला पांढरी राख फुटली. तिकीट काढून तट बघायला येणारी माणसं आता रांग लावून तट चाटू लागली.

"इथे पडलेल्या वीरांची राख आहे ही!" बुरुजाखाली बसलेले बुरुजबाबा गरजत. "चिमूटभर जिभेवर ठेवा. गुडघा, मूळव्याध, कोर्टकचेरी, सगळ्यांवर एकच मात्रा!"

रांगेत आमची आई नेहमी पुढे. तिने रक्तदाबाच्या गोळ्या सोडून राख धरली होती. मशीनवरचा आकडा चढतच चालला, तर म्हणे मशीन बिघडलंय. माझी बायको डॉक्टर आहे. अर्धं गाव तिच्या दवाखान्यात येतं. पण पिकतं तिथे विकत नाही, आणि सुनेचं तर मुळीच नाही.

"आई, खारट लागत नाही का हो हे?"

"वीरांचा घाम गं तो."

रविवारी बायको पर्समध्ये एक पुडी टाकून आमच्याबरोबर किल्ल्यावर आली.

"बाबा, वीर लढले जुन्या तटावर. मग राख फक्त नव्या डागडुजीवरच कशी?"

"वीर झाले तरी माणसंच. स्वच्छ जागा कोणाला नको?"

रांगेने माना डोलावल्या.

"बरं, ही तेवढी पारखून द्या." बायकोने पर्समधली पुडी उघडून पुढे धरली.

बाबांनी चिमूट जिभेवर ठेवली, डोळे मिटले. "अहाहा! ही शिपायाची नव्हे, थेट सेनापतीची!"

"आमच्या बाथरूममागच्या भिंतीवरून खरवडलीय," बायको म्हणाली.

"अगंबाई, तो ओलीचा लोणा?" आई किंचाळली. "अहो बाबा, थुंका आधी!"

"लढाई... तिथवर पसरली होती," बाबा पुटपुटले. रांग खो खो हसत सुटली.

मग बायकोने सांगितलं. सिमेंटमध्ये क्षार असतात. पावसाचं पाणी भिंतीत मुरून ते विरघळवतं. ऊन पडलं की पाणी उडून जातं, क्षार वर उरतात. "आणि आई, तुमच्या रक्तदाबाला हे म्हणजे आगीत तेल."

आईने तटाकडे पाठ केली आणि हात पुढे केला. "गोळी आणलीयस का? दे. आणि तू दात काढू नकोस रे!"

तेव्हा मंडळी, भिंतीला ओल आली तर गवंडी बोलवा, अंगाला दुखणं आलं तर डॉक्टर. आणि कोणी डोळे मिटून चमत्कार सांगू लागला, तर आपले उघडे ठेवा.