नाकवाल्यांचं नाक

"नाकवाले, आता तुम्हीच सांगा. हवेच्या तीन मशीनांपैकी एक दुपारभर बंद ठेवायचं, की प्रयोगशाळेतल्या ताईंना घरी पाठवायचं?"

साहेबांनी कागद टेबलावर आपटला. खर्च कमी करा, असा वरून हुकूम होता. कशाने किती बिघडेल, हे साहेबांनाही धड ठाऊक नव्हतं.

नाकवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या या केंद्रात सव्वीस वर्षं काढलेली असामी! टाकीवर वाकून एकदा हुंगलं की सांगायचे, "आज पाणी खूश नाही." आणि ताईंचे आकडे दुसऱ्या दिवशी नेमकं तेच सांगायचे. टाकीतले जंतू घाण खातात, त्यांना हवा लागते, हवा तुटली की ते मरतात आणि पाणी सडतं. पण किती हवा तोडली तर ते तग धरतील? ते कोण छातीठोक सांगणार!

काचेपलीकडे ताई बाटल्या धूत होत्या. त्यांचा नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्या एकटीच्या पगारावर.

"मशीन बंद करा," नाकवाले म्हणाले. "बिघडायला लागलं तर माझं नाक आधी सांगेल."

आठ दिवस सगळं सुरळीत गेलं. साहेबांनी पाठ थोपटली. नवव्या दिवशी ताई वही घेऊन आल्या.

"काका, पाण्यातली हवा उतरतेय. दोन दिवस बघतेय मी."

नाकवाल्यांनी वाकून दीर्घ श्वास घेतला. "छे! काही वास नाही. मशीन चालू केलं तर साहेब कुणाकडे वळतील, माहितीये ना?"

"हो," ताई म्हणाल्या, आणि वही मिटून निघून गेल्या.

बाराव्या दिवशी सुटी होती. नाकवाले सकाळी स्वयंपाकघरात शेगडीजवळ पेपर वाचत बसले होते. बायको अंगणातून धावत आली.

"अहो! दूध करपून कोळसा झालं! मला बाहेर वास आला आणि तुम्ही इथे ढिम्म?"

नाकवाल्यांनी पातेल्यात नाक खुपसलं. वास नव्हता. करपल्याचाही नाही, दुधाचाही नाही. सव्वीस वर्षं घाणीवर वाकून वाकून नाक कधी गेलं, कळलंच नव्हतं. चप्पल न घालताच ते केंद्राकडे सुटले.

फाटकावर खालच्या वस्तीतली माणसं नाकाला पदर, रुमाल लावून उभी होती. टाकी काळी पडली होती. नदीत मासे उलटे तरंगत होते.

साहेबांनी तिन्ही मशीनं सुरू केली आणि दुसऱ्या दिवशी ताईंच्या हातात कामावरून काढल्याचं पत्र ठेवलं. नाकवाले साहेबांच्या खोलीत धावले.

"साहेब, ताईंनी सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. माझं नाक गेलंय. मला काढा, त्यांना ठेवा."

साहेब हसले. "बाईंसाठी काय थापा मारता हो! तुमचं नाक आहे म्हणून तर प्रयोगशाळा बंद करायला वरून मंजुरी मिळाली. एकदा चुकलं, होतं असं."

ताईंनी डबा पिशवीत टाकला, प्रयोगशाळेची किल्ली नाकवाल्यांच्या हातात दिली.

"मला माफ कर गं पोरी," नाकवाले म्हणाले.

"नका असं बोलू, काका. काही वास नाही म्हणालात, तेव्हा मलाही बरंच वाटलं होतं."

आठवड्याने वरचे अधिकारी तपासणीला आले. साहेबांनी टाकीतलं पाणी बरणीत भरून नाकवाल्यांपुढे धरलं.

"आता बघा हं, आमची प्रयोगशाळा! बोला नाकवाले, काय म्हणतंय पाणी?"

"साहेब, मला वास येत नाही."

"ऐकलंत?" साहेबांनी खूश होऊन टाळी वाजवली. "वासच येत नाही म्हणतात. म्हणजे पाणी स्वच्छ!"

अधिकाऱ्यांनी तसं लिहून घेतलं. नाकवाले बरणी हातात धरून तिथेच उभे राहिले.